अडतिसाव्या पानावरचा चेहरा

स्टुडिओदादांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, बाकी कुठेच नव्हतं. आमच्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयात ते नोकरीला लागले त्या आठवड्यात कुणीतरी त्यांना ‘काय हो स्टुडिओ’ अशी हाक मारली, दुसऱ्याने त्याला ‘दादा’ जोडलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. इथे येण्याआधी वीस वर्षं त्यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. लांबट खोली, मागे निळा पडदा, पुढे फिरतं स्टूल आणि आरशाशेजारी दोरीने बांधलेला कंगवा. कंगवा का बांधायचा, तर गिऱ्हाइकं तो खिशात घालून न्यायची. दादा हे इतक्या गंभीरपणे सांगायचे की हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची.

पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जावरचे फोटो हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हातखंडा होता तो चेहरा ‘साफ करण्यात’. पुरळ घालवायचं, डोळ्यांखालचं काळं कमी करायचं, एक डोळा लहान असेल तर त्याला जरा उघडायचं. “माणूस खोटा दिसता कामा नये,” ते म्हणायचे, “तो चांगला झोपून उठलाय एवढंच वाटलं पाहिजे.” मग प्रत्येकाच्या फोनात कॅमेरा आला, स्टूल रिकामं राहू लागलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी दादांनी पडदा गुंडाळून आमच्याकडे अर्ज केला.

आमच्याकडे म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या हातांनी लिहिलेल्या, रंगांनी आणि सोन्याच्या वर्खाने सजवलेल्या पुस्तकांच्या सहवासात. पानं कमावलेल्या कातड्याची. एकेका पुस्तकापायी कितीतरी माणसांच्या डोळ्यांची वाताहत झाली असणार. ही पुस्तकं सारखी हाताळली तर झिजतात, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो काढून तो जगभरच्या अभ्यासकांना संगणकावर बघायला ठेवायचा, आणि मूळ पुस्तक थंड कोठारात कुलपात ठेवायचं, असं ते काम होतं. दादा फोटो काढायचे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून प्रत्येक फोटो मूळ पानाशी ताडून बघायचे. कडा कापली गेली नाही ना, रंग बदलला नाही ना, एखादं अक्षर धूसर नाही ना. सगळं ठीक असेल तर नोंदवहीत ‘जुळते’ असं लिहून वेळ टाकायची आणि सही करायची.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंती राखाडी, दिवे दोन, मधोमध पुस्तक ठेवायचा फोमचा आधार. इंग्रजी व्हीसारखा तो आधार असायचा, पुस्तक अर्धवट उघडं पडावं म्हणून. त्याला आम्ही पाळणा म्हणायचो. दादा पुस्तक पाळण्यात ठेवायचे तेव्हा खरोखरच तान्ह्या बाळाची मान सांभाळावी तसा पुठ्ठ्याखाली हात धरायचे. पहिल्या वर्षभरात त्यांनी हे काम असं आत्मसात केलं की परदेशातून पत्रं यायला लागली, तुमचे फोटो सर्वांत स्वच्छ आहेत म्हणून. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, ती पत्रं फलकावर लावायच्या. दादा फलकासमोरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचे, म्हणजे वाचून झालेलं असायचं.

सातव्या वर्षी औषधी वनस्पतींचं एक पुस्तक आलं. पानोपानी झाडपाला, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी अगदी छोटी माणसं. कुणी मुळ्या खणतोय, कुणी काढा ढवळतोय, कुणी टोपली घेऊन निघालीय. त्यातल्या काही पानांवर रंगाला पोपडे आले होते. पुस्तकांची दुरुस्ती करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या ॲप्रनच्या खिशात कायम बारीक चिमटे असायचे म्हणून त्यांना चिमटाबाई म्हणत. त्यांनी पुस्तकासोबत चिठ्ठी दिली होती: पान तीस ते पंचेचाळीस काच लावायची नाही. फोटो धूसर आला तरी चालेल. शंका आली तर मला बोलवा.

काच म्हणजे खरं तर पारदर्शक प्लॅस्टिकची जाड पाटी. फुगलेलं पान सपाट व्हावं म्हणून ती वरून अलगद टेकवायची. तिची एक खोड होती, पुसली की ती वीज धरते आणि केस, धूळ, जे हलकं असेल ते ओढून घेते.

अडतिसावं पान मधोमध फुगलेलं होतं. दादांनी बिनकाचेचा एक फोटो घेतला. झाड स्वच्छ आलं, पण तळाशी टोपली घेतलेल्या बाईचा भाग धूसर. त्यांनी फोकस बदलून बघितला, तर झाड धूसर. चिमटाबाई त्या दिवशी रजेवर होत्या, त्यांच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं. मी जेवायला गेले होते. दादांनी नंतर मला सांगितलं ते असं: “चिठ्ठी माझ्या समोर होती ताई. मी ती वाचली. दोनदा वाचली. आणि वाटलं, दोन सेकंद. नुसती टेकवायची आणि उचलायची. इतकी वर्षं हात बसलेला आहे आपला.”

त्यांनी पाटी टेकवली, फोटो घेतला, पाटी उचलली. पानावरच्या बाईला चेहरा नव्हता. तिथे नखाएवढा उघडा कातडीचा ठिपका होता. चेहरा पाटीला चिकटून वर आला होता आणि दादांकडे बघत होता.

 त्यांनी ब्रशच्या टोकाने तो पापुद्रा सोडवायला बघितला, तर त्याचे तुकडे पडले. ते त्यांनी जेवणाच्या डब्याला गुंडाळलेल्या बटर पेपरच्या एका कपट्यात घेतले आणि घडी करून पाकिटात ठेवले. मग खुर्चीवर बसले.

मी जेवून परत आले तेव्हा ते संगणकापुढे होते. “काय हो, जेवला नाहीत?” मी विचारलं. “भूक नाही,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

त्या दुपारी त्यांनी जे केलं ते त्यांच्या जुन्या धंद्यातलंच होतं. काचेखालच्या फोटोत सगळं पान स्वच्छ आलं होतं, पण नेमक्या त्या चेहऱ्यावर दिव्याची चमक पडली होती. पुस्तकात पुढे, एकसष्टाव्या पानावर, तशीच टोपलीवाली दुसरी बाई होती, उलट्या बाजूला तोंड केलेली. दादांनी त्या पानाचा फोटो घेतला, त्यातून तिचा चेहरा उचलला, आरशातल्यासारखा फिरवला, रंग किंचित गडद केला, कडा मिसळल्या आणि अडतिसाव्या पानाच्या काचेखालच्या फोटोत बसवला. पंधरा-वीस मिनिटांचं काम. नंतर आधीचे फोटो पुसून टाकले. त्यात तो पहिला, बिनकाचेचा धूसर फोटोही गेला. खरा चेहरा, धूसर का होईना, फक्त त्यातच होता. तो ठेवला असता तर दोन फोटो कुणीतरी शेजारी ठेवून बघेल ही भीती. भीतीपायी त्यांनी तोही घालवला. पुढे ते म्हणायचे, “मोडलं ते हातून मोडलं. पुसलं ते मी पुसलं.”

आणि आता माझं. त्या दिवशी दादांनी पुस्तक सव्वाचारलाच कोठारात परत पाठवलं. माझ्याकडे त्या पुस्तकाचे अकरा फोटो तपासायचे राहिले होते. पुस्तक परत मागवायचं म्हणजे अर्ज, किल्ली, जिने. मी फोटो पडद्यावर बघितले, सुरेख दिसले, आणि अकराही ओळींपुढे ‘जुळते’ लिहून पाच वाजताची सही केली. ताडून बघितलं काहीच नाही. असं मी त्याआधीही क्वचित करायचे. दादांच्या फोटोंवर डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नव्हती, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

तीन वर्षं गेली. दादा बदलले, पण असं हळूहळू की कुणी बोट ठेवू शकलं नसतं. फलकाकडे चोरून बघणं थांबलं. पाटी लावायची वेळ आली की ते चिमटाबाईंना बोलवायचे, गरज नसली तरी. “तुम्हाला काय झालंय, नवीन लागल्यासारखे विचारता,” त्या वैतागायच्या. दादा म्हणायचे, “तुम्ही उभ्या राहा नुसत्या.”

मग ती संशोधक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीतली, पण उत्साह असा की वाचनालयाच्या जिन्यावरून ती दोन-दोन पायऱ्या गाळत यायची. ती त्याच वनस्पतींच्या पुस्तकावर काम करत होती, सगळं आमच्या फोटोंवरून. मोठ्या बाईंनी तिला वाचनकक्षात एक भाषण द्यायला सांगितलं. वीसेक माणसं जमली. पडद्यावर चित्रं पुढे सरकवायला दादांना बसवलं होतं.

मुलीने दोन टोपलीवाल्या बायका भिंतभर मोठ्या करून दाखवल्या. एक अडतिसावं पान, एक एकसष्टावं. “आता गंमत बघा,” ती म्हणाली, आणि दादांना खूण केली. दादांनी बटण दाबलं. एक चेहरा फिरला आणि दुसऱ्यावर जाऊन बसला. भुवईवर भुवई, हनुवटीवर हनुवटी.

“इतके तंतोतंत जुळणारे चेहरे हाताने दोनदा काढता येत नाहीत,” ती म्हणाली. “म्हणजे या चित्रकाराकडे खाका होता. कागदाला टाचणीने भोकं पाडून वरून कोळशाची पूड झटकली की खाली रेघ उमटते. तोच खाका त्याने उलटा करून वापरला. त्या गावच्या चित्रकारांकडे इतक्या लवकर खाके होते हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.”

टाळ्या पडल्या. ती हसून मागे वळली. “आणि हे दिसलं ते ज्यांच्या फोटोंमुळे, ते इथेच बसलेत.” पुन्हा टाळ्या. दादा उठून उभे राहिले, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, लाजले.

भाषणानंतर मुलीने मूळ पुस्तक बघायची परवानगी मागितली. मोठ्या बाईंनी नकार दिला. रंग सुटतोय, फोटो उत्तम आहेत, कोठार उघडायचं कारण नाही. म्हणजे दादा सुटले होते. ते पान निदान वीस वर्षं तरी कुणी उघडणार नव्हतं. पण सुटल्यावर माणूस जेवतो, हसतो. दादांना खाल्लेलं अंगी लागेना.

घरचं मला वहिनींकडून कळलं, दादांच्या बायकोकडून. एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या लेकीने नोकरीच्या अर्जासाठी स्वतःचा फोटो आणून दिला. गालावरचा मस जरा काढून द्या, म्हणाली. बापाने आयुष्यभर हेच केलेलं. तर दादा तिच्यावर असे ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “आहेस तशी राहा! मस तुझा आहे, तो मी का पुसू?” लेक रडत आत गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी घड्या बाजूला ठेवल्या आणि दादांसमोर येऊन बसल्या.

“आता सांगा,” त्या म्हणाल्या. “चार महिने बघतेय. कोण आहे ती?”

“कोण ती?”

“तेच विचारतेय. माणूस घरात असतो आणि नसतो, तेव्हा कुणीतरी बाई असते.”

दादा म्हणाले, “बाईच आहे. नखाएवढी.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाकिटातली बटर पेपरची घडी काढून दाखवली. वहिनींनी ती उजेडाकडे धरून बघितली. आत चिमूटभर धूळ, आणि त्यात एक जरासा मोठा कण, त्यावर काळी रेघ. भुवई असेल किंवा केस.

“कुणाचा जीव गेलाय का?” वहिनींनी विचारलं.

“नाही.”

“मग गप्प बसा. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. तुम्ही सांगितलंत तर तो चेहरा परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग?”

दादांनी मान हलवली, आणि वहिनींनी ती गोष्ट तिथेच मिटवली. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, “मी चुकीचं सांगितलं असं मला अजून वाटत नाही. पण मी सांगितलं आणि त्यांनी मान हलवली, तेव्हा मला त्यांची दया आली नाही, रागच आला. मला वाटत होतं, माझं ऐकू नये यांनी.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी संशोधक मुलीचं पत्र आलं, थेट दादांच्या नावे. तिचा लेख एका मोठ्या नियतकालिकाने घेतला होता. त्यात दोन चेहरे शेजारी शेजारी छापायचे होते, तर छपाईजोगी मोठी फाइल हवी होती. खाली लिहिलं होतं, ‘या लेखावर माझी पुढची नेमणूक अवलंबून आहे, म्हणून घाई करते, रागावू नका.’ दादांनी फाइल जोडली. पत्र लिहिलं. पाठवायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला. मी शेजारी होते. ते किती वेळ तसे बसले होते मला माहीत नाही, पण संगणकाचा पडदा आपोआप काळा झाला एवढं आठवतं.

मग ते उठले आणि चिमटाबाईंच्या खोलीत गेले. मी कामासाठी मागोमाग गेले आणि दारातच थांबले. दादांनी टेबलावर बटर पेपर उलगडला होता.

“हे काय आहे?” चिमटाबाई म्हणाल्या.

“अडतिसावं पान. वनस्पतींचं पुस्तक. मी काच लावली होती.”

चिमटाबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं, खाली वाकल्या. 

“केव्हा?”

“तीन वर्षं चार महिने.”

“आणि हे कुठे होतं?”

“पाकिटात.”

“पाकिटात,” त्या म्हणाल्या. “मागच्या खिशात? त्यावर बसत होतात तुम्ही?”

चिमटाबाईंनी भिंग ठेवलं. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “त्याच दिवशी आणलं असतंत तर पाच तुकडे असते. मी बसवले असते. मी दोन दिवसांनी कामावर आले होते, दादा. मी इथेच होते.”

हे वाक्य दादांना लागलं तसं पुढचं काहीच लागलं नाही. चौकशी झाली, मोठ्या बाईंच्या खोलीत तीन माणसं बसली, दादांनी सगळं लिहून दिलं, कारण नाही, सबब नाही. बाईंनी नोंदवही उघडली. “तपासणी कुणी केली?” मला आत बोलावलेलं होतं. सहीपुढे माझीच पाच वाजताची वेळ होती. पुस्तक सव्वाचारला गेल्याची नोंद कोठाराच्या वेगळ्या वहीत होती, ती कुणी मागवली नव्हती. दादांना मात्र ती वेळ पाठ होती.

“ताईंनी केली,” दादा म्हणाले. “पण इतक्या लहान चेहऱ्यात कुणालाच कळलं नसतं. मी नीट केलं होतं.”

मी मान खाली घातली. सगळ्यांना ते सांत्वन वाटलं. माझ्या तोंडाला जे कुलूप बसलं ते तेव्हा.

संशोधक मुलीला दादांनी स्वतः भेटायचं ठरवलं. पत्र नको म्हणाले. ती वाचनकक्षात आली, त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. आधी तिला कळलंच नाही. “म्हणजे एकसष्टाव्या पानाचा चेहरा…?” “हो.” “तोच?” “तोच. उलटा करून.” ती खाली बसली. तिने लेख मागे घेतला. ती नेमणूक दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या दिवशी ती दादांना एवढंच म्हणाली, “मग खरी कशी होती ती? तुम्ही तिला बघणारे शेवटचे. तोंड कसं होतं? खाली बघत होती की समोर?”

दादांनी डोळे मिटले. मी त्यांना इतका जिवाचा आटापिटा करताना कधी बघितलं नाही. मग म्हणाले, “मला आठवत नाही. मी बसवलेला चेहरा इतक्यांदा बघितलाय की आता तोच दिसतो.”

मुलीने पिशवी उचलली आणि ती गेली. जाताना ती जिन्याची एकेक पायरी उतरत होती.

दादांना कामावरून काढलं नाही, पण कॅमेरा काढून घेतला. त्यांना पेट्यांच्या खोलीत बसवलं. प्रत्येक पुस्तकाच्या मापाची जाड पुठ्ठ्याची पेटी बनवायची, आत मऊ कापड लावायचं. आणि त्यांचे दहा वर्षांचे सव्वीस हजार फोटो पुन्हा तपासायचं काम निघालं, ते मला आणि आणखी एकाला मिळालं. सव्वा वर्ष चाललं. दादा सांगत होते, एकच केलंय, शपथेवर सांगतो एकच. आम्हाला दुसरं सापडलं. पहिल्या वर्षातलं, एका ग्रहताऱ्यांच्या पुस्तकातलं पान, समासातला शाईचा वाळका डाग फोटोत नव्हता. मी त्यांना पेट्यांच्या खोलीत जाऊन दाखवलं. “हे मी केलंय?” ते म्हणाले. “मला माहीतच नाही ताई. स्टुडिओची सवय. डाग दिसला की हात आपोआप जायचा.” मग हळूच म्हणाले, “म्हणजे माझ्या शपथेवरही आता विश्वास ठेवू नका.”

अडतिसाव्या पानाचा नवा फोटो घ्यायचा होता, जसं आहे तसं, जखमेसकट. मोठ्या बाईंनी तो दादांनीच घ्यावा असं ठरवलं. दादा नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, “ही शिक्षा नाही. तुमच्याइतका त्या पानाचा अंदाज दुसऱ्या कुणाला नाही.” चिमटाबाई एका बाजूला उभ्या राहिल्या, मी दुसऱ्या. काच खोलीबाहेर ठेवली होती. दादांनी बटण स्वतः दाबलं नाही, टायमर लावला आणि मागे सरले. फोटो तळाशी किंचित धूसर आला. तो तसाच ठेवला.

मी त्या दिवशी मूळ पान आणि फोटो भिंगाने चाळीस मिनिटं ताडून बघितले. त्या उघड्या ठिपक्यात, रंगाच्या खाली, चित्रकाराने आधी काढलेली एक तपकिरी रेघ दिसत होती. हनुवटीची, खाली झुकलेली. थेट हाताने ओढलेली, टाचणीचे ठिपके कुठे नाहीत. मी ‘जुळते’ लिहिलं, वेळ टाकली, आणि पेन तिथेच ठेवून मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. कोठाराची जुनी वही मागवा, म्हणाले. सव्वाचार आणि पाच, दोन्ही वेळा दाखवल्या. मला लेखी ताकीद मिळाली. दादांना सांगायला गेले तर ते पुठ्ठा कापत होते. “तुम्ही गप्प का राहिलात माझ्यासाठी?” मी विचारलं. ते म्हणाले, “एकाने पुरत होतं.” आणि पुठ्ठा बाजूला सारून, “पण सांगितलंत ते बरं केलंत. मला तुमच्याशी बोलताना अवघडल्यासारखं व्हायचं.”

संशोधक मुलीने दोन वर्षांनी दुसरा लेख लिहिला. त्या तपकिरी रेघेवरून चित्रकार खाका वापरत नव्हता, हातानेच काढत होता, असं त्यात होतं. तिच्या पहिल्या लेखाच्या अगदी उलट. मी तो घेऊन दादांकडे गेले, आनंदाने. बघा, म्हटलं, रंग निघाला म्हणून खालची रेघ दिसली. दादांनी लेख वाचायला घेतला नाही. “मी मोडलं म्हणून कळलं, असं मला सांगू नका ताई,” ते म्हणाले. “तेवढं नका करू.”

एका गोष्टीसाठी मात्र त्यांनी मोठ्या बाईंपुढे हात जोडले होते. तो खोटा फोटो आता काढून टाका. बाईंनी ऐकलं नाही. नियम असा की एकदा प्रसिद्ध केलेली फाइल पुसायची नाही. त्या फोटोवरून लोकांनी टिपणं केलीत, व्याख्यानं दिलीत, विद्यार्थ्यांनी प्रबंधात तो छापलाय. त्यांना आपण काय बघितलं होतं ते उद्या तपासता आलं पाहिजे. “आपलं काम जपायचं आहे,” बाई म्हणाल्या, “त्यात हेही आलं.” तेव्हा त्या पानाखाली आज दोन फोटो आहेत. पहिल्याच्या खाली लिहिलंय: ‘या चित्रातील चेहरा मूळ नाही. छायाचित्रकाराने तो नंतर बसवला व तसे स्वतः सांगितले.’ त्याच्या तीन ठिकाणी प्रती आहेत, एक दुसऱ्या शहरात, आग लागली तर राहावी म्हणून.

दादा निवृत्त झाले. लेकीला नोकरी लागली, मसासकट. मीही गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण संगणकावर ते पान कुणालाही उघडता येतं, आणि कुठला फोटो कितीजणांनी पाहिला तो आकडाही कोपऱ्यात दिसतो. दादा स्वतः कधी उघडत नाहीत. महिन्यातून एकदा फोन करतात. तब्येत, पाणी, वहिनींचे गुडघे, सगळं बोलून झालं की थोडं थांबतात आणि विचारतात, “कुठला जास्त बघतात?”

लोकांना चेहरा असलेली बाई आवडते. चारांत तिघे तीच उघडतात, खालची ओळ वाचतात की नाही कुणास ठाऊक. सुरुवातीला मी म्हणायचे, सारखेच आहेत हो. आता तसं म्हणत नाही. समोर बघून आकडे वाचते, दोन्हींचे, आणि ते पलीकडून “बरं” म्हणेपर्यंत फोन ठेवत नाही.